पाहुण्यांची पाटी

आमच्या गल्लीत पाहुण्यांची गाडी उभी करायची तर आधी माझ्या आईला विचारावं लागे. आई काही महापालिकेत नोकरीला नव्हती. ती चौथी शिकलेली, मिलमधल्या कामगाराची बायको होती आणि तिची जीभ तिखट होती. पण दोन पत्र्याच्या पाट्या तिच्या ताब्यात होत्या, आणि त्या जोरावर तिनं काही वर्षं अख्ख्या गल्लीवर राज्य केलं.

गल्ली विणकरांची होती. तेव्हा अजून घरोघरी माग होते. सकाळी ऊन आलं की बायका-माणसं मागावर चढवायचं ताण्याचं, म्हणजे उभं सूत गल्लीभर लांब ताणून त्याला खळ लावायची आणि कुंचल्यानं साफ करायची. हे काम घरात होत नाही, त्याला रस्ताच लागतो. पुढे गल्लीत पाहुण्यांच्या बैलबंड्या, टांगे, मग एखादी स्कूटर, एखादी मोटार येऊ लागली. एकदा कोणाची तरी बंडी सरळ ताण्यावरून गेली, आठवड्याचं सूत गेलं आणि दोन घरांत काठ्या निघाल्या. प्रकरण वॉर्ड ऑफिसात गेलं आणि तिथून नियम आला. रहिवाशांनी सायकल, हातगाडी आपापल्या ओट्याला लावायची आणि तिच्यावर नंबर रंगवून घ्यायचा. पाहुण्यांच्या गाड्या गल्लीत फक्त दोन राहतील, त्याही विहिरीजवळच्या रुंद जागेत, आणि पाटी असेल तरच. माणसं उतरवून निघून जायला कोणाची हरकत नव्हती. पण बिनपाटीची गाडी उभी दिसली तर ती उचलून नेणार आणि बैल असतील तर कोंडवाड्यात.

बाबांनी सायकलच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर काढून घेतला आणि कितीतरी दिवस ते तो पुसत बसायचे. पाट्या मात्र कोणाच्या घरी ठेवायच्या यावर गल्लीचं एकमत होईना. शेवटी आमचं घर तोंडाशी, विहिरीला लागून आहे आणि आई कोणाच्या चहाला भुलत नाही, म्हणून त्या आमच्या ओसरीतल्या खिळ्यावर आल्या. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत 'पाहुणा' एवढंच लिहिलेलं होतं.

आईनं स्वतःचा कायदा केला. आजारी माणसाची गाडी पहिली. त्यानंतर बाळंतीण. मग मयताचे पाहुणे, कारण गेलेला माणूस थांबू शकतो, असं ती म्हणायची. सर्वांत शेवटी मुलगी पाहायला येणारे. त्यांना तर ती शक्यतो पाटी देतच नसे. "गाडी चौकात ठेवा म्हना अन् चालत या म्हना. ते पोरीले चालाले लावतात ना? आपल्यालेबी त्याईची चाल पाहू द्या," असं ती म्हणायची, आणि ओसरीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायची.

पुढे माझ्याच लग्नाचं पाहायला सुरुवात झाली आणि हसू जरा कमी झालं. मी शिक्षिका होते, उंच होते, सावळी होते, आणि गल्लीच्या हिशेबानं माझं वय उलटून चाललं होतं. आलेले सगळे पाहुणे आईच्या कायद्याप्रमाणे चौकातून चालत आले, पोहे खाऊन चालत गेले, आणि मग मध्यस्थाकडून नकार आला. एका घरानं तर सांगितलं की मुलीचं ठीक आहे, पण दारात गाडी उभी राहत नाही अशा ठिकाणी सोयरीक कशी करायची. त्या दिवशी संध्याकाळी आईनं भाकरी जाळल्या.

त्यानंतरचं स्थळ कोराडीचं होतं. मुलगा वीजकेंद्रात नोकरीला, क्वार्टर मिळालेलं, घरची थोडी शेती रामटेककडे. मध्यस्थ म्हणजे बाबांच्या मिलमधले एक जण. ते आदल्या दिवशी सकाळी येऊन बसले आणि म्हणाले, "मुलाच्या घरचे जावई, त्याच्या बहिनीचे मालक, स्वतःची फियाट घेऊन येऊन राहिले. मानपानाचा माणूस हाये. गाडी दारात लागन ना, वहिनी?"

मला वाटलं आता आई तिचं ते चालीचं वाक्य म्हणेल. आई म्हणाली, "लागन. काहून नाही लागनार?"

एक पाटी गल्लीच्या टोकाला एका मयताच्या घरी गेली होती. दुसरी खिळ्यावर होती. मध्यस्थ गेल्यावर आईनं ती काढली आणि आत नेऊन माझ्या ट्रंकेत, उद्या नेसायच्या साडीखाली ठेवली. मी बघत होते. मी विचारलं नाही.

दुपारी समोरच्या काकू आल्या. त्यांच्या घरी दोन माग होते, आणि लहानपणी मी आमच्या घरात जेवढी जेवले असेन तेवढीच त्यांच्या घरात. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्याहून लहान, माझ्याबरोबर सागरगोटे खेळलेली. मी आत केसांना तेल लावत बसले होते, आणि ओसरीतलं सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, पाटी पाहिजे होती," काकू म्हणाल्या. "माह्या भावाची बंडी भिवापूरहून येऊन राहिली. दाई म्हनते, पोर पोटात आडवं हाये, कवाबी दुखन, गाडी दारातच ठेवा. दोन-चार दिवस उभी राहीन."

हे आईच्या कायद्यात दुसऱ्या नंबरचं होतं. पहिल्या नंबरचं म्हटलं तरी चाललं असतं.

आई म्हणाली, "बाई वं, दोन्ही गेल्या. एक मयताच्या घरी अन् दुसरी बी गेली. परवा येईन, पहिली तुलेच देईन."

काकूंनी कोणाकडे गेली हे विचारलं नाही. आईच्या शब्दावर गल्लीत कोणी उलट विचारत नसे, तेवढी तिनं पत कमावली होती. त्या "बरं" म्हणून गेल्या. बंडी बाजारापलीकडच्या मैदानात ठेवावी लागणार होती, आणि मैदान काही जवळ नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. आईनं माझ्यासाठी खोटं बोलावं, ज्या आईनं मला परीक्षेत नापास झालेल्या बहिणीबद्दल शेजाऱ्यांशी खोटं बोलू दिलं नव्हतं, तिनं, याचा मला केसांना तेल लावता लावता आनंद झाला. वाईट वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फियाट आली. ती वळेपर्यंत दोन घरांना आपले ताणे अर्ध्यावर गुंडाळावे लागले आणि ते लोक काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाबांनी पाटी गाडीच्या पुढच्या बंपरला लाल सुतळीनं बांधली. जावईबापू उतरले, त्यांनी रुमालानं बॉनेट पुसलं, गल्लीकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरं ओरखडे तर नाही पाडणार ना?" मुलगा त्यांच्यामागून उतरला. तो संकोचून आमच्या ओट्यावरच्या बाबांच्या सायकलीकडे पाहत होता.

मी चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आले. संत्री सोलून ठेवली होती. मुलानं मला विचारलं की शाळेत कोणता वर्ग घेता, आणि मी तिसरीचा म्हणाले. त्यानं पुढं काही विचारायला तोंड उघडलं आणि समोरच्या घरातून काकूंच्या मुलीची किंकाळी आली.

काकूंचा भाऊ धोतर सावरत मैदानाकडे पळाला. पण तिथून बैल जुंपून, बाजाराच्या गर्दीतून बंडी येईपर्यंत वेळ लागणार हे सर्वांना दिसत होतं. दाईनं ओरडून सांगितलं की आता वाट पाहू नका, पाणी गेलं आहे. चार माणसांनी पोरीला बाजेवर घातलं आणि बाज उचलून गल्लीच्या तोंडाकडे निघाले. विहिरीपाशी आले आणि थांबले. एका बाजूला मयताच्या पाहुण्यांचा घोडा सोडलेला टांगा होता, दुसऱ्या बाजूला फियाट, आणि मधून बाज जाईना. त्यांनी ती आडवी केली, तिरपी केली. बाजेचा पाय गाडीच्या बंपरला अडकला. पोरगी बाजेच्या काठाला धरून ओरडत होती. माझी आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.

तेव्हा तो मुलगा माझ्या हातात बशी देऊन खाली उतरला. त्यानं जावईबापूंना काही विचारलं नाही. गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "इकडे घ्या यांना, आत घ्या." जावईबापू "अरे, सीट कव्हर नवीन आहे," असं म्हणाले, ते मी ऐकलं. मुलानं ओसरीतून उतरताना उचललेली किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि "चला" म्हणाला. काकू आणि दाई मागे बसल्या. गाडी उलटी घेत घेत गल्लीबाहेर गेली, पाटी बंपरला लटकत होती.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला गाडी परत आली. मुलाच्या शर्टाला डाग होते. तो बाबांना म्हणाला, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर एक तरी गेली असती." मग त्यानं पाणी मागितलं. मी पाणी दिलं. लग्न तिथंच ठरलं, बाकीच्या बैठका नुसत्या रीतीला झाल्या.

गल्ली महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. असा जावई मिळायला भाग्य लागतं म्हणाले. काकूंनी दवाखान्यातून आल्यावर आईचे पाय धरले आणि म्हणाल्या, "तुमच्या जावयानं माह्या दोन लेकी वाचवल्या, वहिनी." आईनं त्यांना उठवलं. तिला तेव्हाच बोलायचं होतं असं मला आजही वाटतं. तिचे ओठ हलले. पण ओसरीत दहा बायका होत्या, आणि काकू रडत होत्या, आणि ती वेळ गेली.

दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून वॉर्ड ऑफिसात गेली आणि दोन्ही पाट्या परत देऊन आली. कारण तिनं तिथंही सांगितलं नाही. गल्लीतले म्हणाले, मोटारवाला जावई मिळाला, आता ही कशाला आपल्या पाट्या सांभाळते. मोटार जावयाची नव्हतीच, तो बसनं यायचा. पुढे पाट्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे गेल्या आणि त्याच्याकडून तेल-डाळ घेणाऱ्यांनाच मिळू लागल्या. आजारी, बाळंतीण हा हिशेब संपला. त्याबद्दलही लोक आईलाच बोल लावत आणि आई ऐकून घेई. पूर्वीची आई असती तर तिनं एकेकाची चामडी लोळवली असती.

एक वर्ष झालं आणि थंडीत, त्या मुलीच्या वाढदिवसाला, काकू पितळेचा डबा घेऊन आमच्या घरी आल्या. डब्यात डिंकाचे लाडू होते. "बाळंतिणीचं खानं हाये, पन तुमच्यामुळं खायाले मिळालं," असं त्या हसून म्हणाल्या. त्यानंतर दरवर्षी. मी माहेरी असले तर माझ्यासमोर, नसले तर आई माझ्यासाठी राखून ठेवायची. स्वतः कधी खात नसे. दात दुखतात म्हणायची, आणि भाजलेले दाणे फोडून खायची.

ह्यांना मात्र ते लाडू फार आवडत. ह्यांनी त्या दिवसाची गोष्ट कोराडीच्या कॉलनीत इतक्यांदा सांगितली की मला ती ऐकून राग यायचा, आणि राग कशाचा हे सांगता येत नसे. दरवेळी शेवटी हे म्हणत, "नशीब की नेमकी त्या दिवशी गाडी तिथं उभी होती." मी उठून स्वयंपाकघरात जायची. हा माणूस खरंच चांगला आहे, म्हणून तर त्याला सांगता येईना. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम आमच्या खोट्यावर उभं आहे हे कोणत्या तोंडानं सांगू?

आई आणि मी त्याबद्दल एकदाच बोललो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिले मालूम असन काय वं?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्या गडबडीत कोण पाहतं?"

"हो ना," आई म्हणाली. "अन् तिले वाचता कुठं येते."

पाटी वाचावी लागत नव्हती. हिरवा पत्रा गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखत असे. आम्ही दोघींनी एकमेकींचं समाधान केलं आणि तांदळातले खडे काढत बसलो.

आई गेली तेव्हा काकू तेराही दिवस आमच्या घरी येऊन बसल्या. मी म्हटलं, आता हे संपलं. मनातल्या मनात मला सुटल्यासारखं वाटलं, आणि आईच्या तेराव्याला असं वाटावं याची लाजही वाटली.

त्या थंडीत एका सकाळी कोराडीच्या क्वार्टरचं दार वाजलं. हे ड्युटीवर होते. दारात काकू उभ्या होत्या, बसनं आलेल्या, लुगड्यावर कोळशाची धूळ, हातात तोच पितळेचा डबा. त्या कधी एकट्या शहराबाहेर गेल्या नव्हत्या. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुही माय गेली. आता तू हायेस ना."

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशीची पाटी..."

"फियाटले होती," काकू म्हणाल्या. "लाल सुतळीनं बांधली होती तुह्या बापानं. माह्या पोरीची बाज तिथंच अडकली. मले दिसनार नाही काय?"

चहा उतू गेला. मी उठले नाही.

"मग आईला कधी बोलला का नाहीत?"

काकूंनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "बोलली असती त ती रडली असती, माफी मागली असती, अन् दुसऱ्या दिवशी मोकळी झाली असती. मले तिले मोकळं होऊ द्याचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माही पोरगी मरून राहिली होती अन् तुही माय खांबाले धरून पाहून राहिली होती. म्हनून म्या लाडू आनले. आभार मानाले म्हनून आनले. तिले एकबी गिळवला नाही, ते म्या पाहत होती."

मी उठून स्टोव्ह बंद केला.

"पहिले दोन-तीन वर्षं लय बरं वाटलं," काकू पुढे म्हणाल्या. "मंग राग गेला वं. नात मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, राग कुठवर पुरन? पन लाडू बंद कसे करू? बंद केले असते त तिले समजलं असतं का मले मालूम हाये. म्हनून करत गेली. लाडू वळतानी हात जड होये. अन् आता ती गेली. म्या तिले सांगाले पाहिजे होतं, झालं गेलं, खा एक लाडू. नाही सांगितलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता कोनाले सांगू? म्हनून तुले सांगाले आली."

माफी कोणी कोणाची मागायची हे आम्हाला दोघींना कळेना. मी त्यांचे हात धरले. मी म्हटलं, पाटी माझ्याच ट्रंकेत होती काकू, माझ्या साडीखाली, मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "असन. तू पोरगीच होती." मग त्यांनी झाकण उघडून एक लाडू काढला आणि माझ्यासमोर धरला. मी तो खाल्ला. दुपारी मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. डबा त्यांनी नेला नाही, म्हणाल्या, राहू दे.

पुढच्या थंडीत त्या दिवशी मी शाळेतून सुटी घेतली. डबा चिंचेनं घासून ठेवला होता. सकाळच्या बसपासून मी दारात येऊन येऊन पाहत होते. दुपारची बस गेली, मग संध्याकाळची. काकू आल्या नाहीत. त्यांचं बोलून झालं होतं, आता येण्याचं कारण नव्हतं, हे मलाही समजत होतं. तरी मला त्या यायला हव्या होत्या.

हे ड्युटीवरून आले, त्यांनी हातपाय धुतले, आणि ओट्यावरचा रिकामा डबा पाहून म्हणाले, "यंदा लाडू नाही आले?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही येणार."

त्यांनी डबा उचलून फळीवर ठेवला. मी पानं वाढायला घेतली.